दोन पानांची भूमिका

५ जानेवारी २०२६, सोमवार

विश्वंभर सरांनी मधल्या सुट्टीत ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, झालं – अतिरिक्त ठरल्याचं पत्र आलं! पत्र होतं, पण वेगळं. पुण्याच्या एका संस्थेत सहा महिन्यांचा कोर्स निघालाय, खुणांच्या भाषेचा. आमच्यासारख्या मूकबधिर मुलांच्या शाळांतले शिक्षक घेणार. तेही निवडून, सरसकट नाही. अर्जासोबत दोन पानं लिहून द्यायची – 'माझी अध्यापनविषयक भूमिका'.

"सरिता मॅडम, तुमचंच नाव टाकलंय मी," सर म्हणाले. मग चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता – "पट बत्तीसवर आलाय. जूनमध्ये एक पद कमी होणार. कोर्स केलेल्या माणसाला सहसा हात लावत नाहीत."

म्हणजे लिहिणं भागच आहे.

अठरा वर्षं झाली या शाळेत. अठरा वर्षं मी खुणा थांबवायचंच काम केलं. हात खाली, तोंडानं बोल! माझा तासच तो – वाचेचा. आता खुणा शिकायला जायचं, आणि त्याआधी लिहून द्यायचं की मी का शिकवते, कसं शिकवते.

भूमिका म्हणे! नाटकात असते ती.

६ जानेवारी, मंगळवार

एक ओळ लिहिली. 'बालक हा शिक्षणप्रक्रियेचा केंद्रबिंदू आहे.' खोडली. हेच वाक्य मी कॉलेजात परीक्षेत लिहिलं होतं.

९ जानेवारी, शुक्रवार

आज ह्यांना ड्यूटी नव्हती. वसमत–नांदेड गाडी आज दुसऱ्या ड्रायव्हरकडे. दुपारभर घरात. मी वही घेऊन बसलेली.

"चार दिवस झाले, काय लिहून राहिलीस?"

"मी का शिकवते ते."

"पगारासाठी, लिही की! मी गाडी काहून चालवतो?" आणि हसले.

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. ते उठले. चहा ठेवून म्हणाले, "बरं, खरं सांग. ही मुक्या लेकरांचीच लाईन काहून घेतली होतीस तू?"

नरसिंगमुळे. मामाचा मुलगा. ऐकू येत नव्हतं, शाळा नव्हती. कुरुंद्याच्या बाजारात तो हातवारे करून सौदा करायचा आणि लोक त्याच्या हातांची नक्कल करून हसायचे. तो पण त्यांच्यासोबत हसायचा, त्याला कळायचं नाही म्हणून. मी दहावीत होते. तेव्हाच ठरवलं – याला बोलता आलं असतं तर कुणी हसलं नसतं.

हे लिहू का? लिहून बघितलं. तीन ओळींत संपलं. आणि उरलेलं दीड पान?

११ जानेवारी, रविवार

सापडलं! नीताचं लिहायचं. इतके दिवस कसं सुचलं नाही! प्रत्येक पालक सभेत मीच तर सांगते.

नीता पाच वर्षांची असताना वसतिगृहात आली, २००९च्या जानेवारीत. आई चंदाबाई, कुरुंद्याची, मजुरीवर जाणारी. नवरा नव्हता. पोरीच्या तोंडातून नुसता घोगरा आवाज यायचा. मी तिला रोज तासभर आरशासमोर बसवलं. तिचा एक हात माझ्या गळ्यावर, एक तिच्या – आवाज थरथरतो कसा ते कळावं म्हणून. 'आ' महिन्याभरात आला. 'ई' काही केल्या येईना. दात दाखव, ओठ ताण, जीभ वर. ती नुसती हसल्यासारखं तोंड करायची. एकूण चौदा महिने! आणि मग दोन्ही जोडून – आई.

मार्च २०१० चा पालक मेळावा. सरांनी चंदाबाईला स्टेजवर बोलावलं. ती लाजली, घाबरली, तिनं पोरीचे दोन्ही हात घट्ट धरले. नीतानं वर बघितलं आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाली, "आई." चंदाबाई तिथंच मटकन खाली बसली. रडायला लागली. पालक उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस तो. लग्नाच्या दिवसापेक्षा पण.

सगळं एका दमात उतरलं. दोन पानं भरली. शेवटी लिहिलं, 'बधिर मुलाला त्याचा आवाज परत देणं हीच माझी भूमिका.' वाचून माझंच मन भरून आलं.

तासाला हात कसे स्थिर ठेवायचो ते नाही लिहिलं. त्या वेळी सगळेच तसं करायचे. कॉलेजात तसंच शिकवलं होतं.

१२ जानेवारी, सोमवार

सरांनी वाचलं आणि टेबलावर हात मारला – "हेच पाहिजे होतं!" बाराच्या आत स्कॅन करून पाठवून पण दिलं. मी म्हणत होते, उद्या एकदा शुद्धलेखन बघते. ऐकतात कुठं!

घरी येऊन उगाच हुरहूर. काहीतरी गॅसवर ठेवून विसरल्यासारखं.

२० जानेवारी, मंगळवार

पुण्याहून फोन. निवडलेल्या पंधरांत नाव आलंय! ६ फेब्रुवारीला ऑनलाइन मुलाखत. बाई फार गोड बोलल्या. "तुमचा नीताचा प्रसंग सगळ्यांना आवडला. ती आणि तिची आई पाच मिनिटं मुलाखतीत येऊ शकतील का? पुढं आम्हाला एक छोटी फिल्म पण करायचीये."

मी हो म्हणाले. काय म्हणणार?

फोन ठेवल्यावर लक्षात आलं – नीताला मी दहा वर्षांत बघितलेलं नाही. सातवीनंतर ती परभणीच्या मोठ्या शाळेत गेली. त्यानंतर मी फक्त तिची गोष्ट सांगत आले. ती कुठंय, काय करते, बोलते का – मला काहीच माहीत नाही!

२१ जानेवारी, बुधवार

जुन्या रजिस्टरमधला नंबर बंद. ह्यांच्या डेपोतला, कुरुंदा गाडीचा कंडक्टर तातेराव तिकडचाच. त्यानं संध्याकाळपर्यंत चंदाबाईचा नंबर काढून दिला. म्हणाली, "मॅडम! तुमी! पोरगी वारंगा फाट्याला हाय. जावयाचं फ्लेक्सचं दुकान हाय. मी पण हितंच ऱ्हाते आता. या की, काहून इचारता!"

आवाजात इतका आनंद होता. रविवारी येते म्हटलं.

२५ जानेवारी, रविवार

घरी आल्यापासून नुसती बसून आहे. क्रमानं लिहिते, नाहीतर सगळं घोटाळेल.

वारंगा फाट्यावर उतरले. दुकान रस्त्यालाच – वाढदिवस, निवड, अभिनंदन, सगळीकडे हसरे चेहरे टांगलेले. नीताचा नवरा सुरज मशीनवर होता. त्यालाही ऐकू येत नाही. नीता कॉम्प्युटरवर. बावीस वर्षांची, अंगानं भरलेली, केस बारीक कापलेले. मला ओळखलं. उठून उभी राहिली. दोघी हसलो आणि मग – काहीच नाही. मी मोठ्यानं, ओठ नीट हलवून म्हणाले, "कशी आहेस, नीता?" ती माझ्या ओठांकडे बघत राहिली, मग सुरजकडे वळून हातानं काहीतरी म्हणाली. तो हसला.

चंदाबाई आतून चहा घेऊन आली. "ती तोंडानं न्हाई बोलत आता, मॅडम. परभणीला पोरं आवाजाला हसायची, तवापासून सोडलं. आमी सगळे हातानंच. मी पण शिकले थोडंफार. या वयात!" आणि दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाला सांगायला लागली – "या मॅडमनी माज्या लेकीला बोलतं केलं होतं. भर मंडपात मला आई म्हणली! मी तर जागेवरच बसले!" अगदी माझेच शब्द. टाळ्यांसकट.

मी नीताला मुलाखतीचं कसं सांगावं या विचारात. तिनं खुर्ची ओढून दिली, कॉम्प्युटरवर कोरं पान उघडलं आणि टाइप केलं – 'मॅडम काय काम?'

मी टाइप केलं. कोर्स, मुलाखत, तिची गोष्ट, तिनं आणि आईनं पाच मिनिटं यावं. बॅनरवर असतात तशी मोठी अक्षरं दिसत होती. तिनं दोनदा वाचलं. मग लिहायला लागली. तिचं मराठी तिचं तिचं आहे, प्रत्यय नसलेलं. मी जसंच्या तसं उतरवते. विसरूच शकणार नाही.

'शाळा. मॅडम हात बांध. रिबीन लाल. रोज. आरसा. आ. ई. मी आ ई बोल. मग मॅडम रिबीन सोड.'

'मला वाट आई म्हणजे सोड.'

मी वाचलं. कळलं नाही. परत वाचलं.

'मेळावा. आई माझा हात घट्ट धर. खूप घट्ट. मी बोल आई. म्हणजे सोड. आई रड. सगळे टाळी. मला समज नाही का.'

माझ्या पाठीमागं चंदाबाई उभी होती, बशी हातात घेऊन. तिला वाचता येत नाही. "काय लिवून ऱ्हायली ती?" तिनं हौसेनं विचारलं. मी म्हणाले, "जुन्या आठवणी." "व्हय, लई आठवण काढते तुमची."

मी टाइप केलं, 'मी घट्ट बांधत नव्हते.' मग माझं मलाच वाचवेना. एकेक अक्षर पुसत मागं गेले. नीता बघत होती.

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. तिचा चेहरा शांत होता, गिऱ्हाइकाला भाव सांगताना असतो तसा. पुढं तिनं लिहिलं, 'मी दुसरी वर्ग समज आई काय. आई मोठी खुश ती दिवस. आईला सांग नाही. कधी नाही.' आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिला तेवढं पुरलं नाही. तिनं हात पुढं केला, वचन द्यायला. मी दिलं.

निघताना विचारलं – टाइप करून – शाळेत पोरं मला काय म्हणायची? हातानं? असतं ना प्रत्येक मास्तरचं नाव. तिनं डाव्या मनगटाला उजव्या हाताच्या बोटांनी विळखा घातला, जरासा आवळला.

ही खूण मी हजार वेळा बघितली आहे. वसतिगृहात, जेवणाच्या रांगेत, मी वर्गात शिरले की. मला वाटायचं, 'गप्प बसा' असं काहीतरी असेल.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन. मुलांची कवायत चांगली झाली. नंतर खाऊ वाटताना मी वर्गात गेले, तर दारातल्या पोरानं आतल्यांना खूण केली. मनगटाला विळखा. रिबीन मी २०१५ पासून बांधत नाही. ही लेकरं तेव्हा जन्मली पण नव्हती! तरी नाव चालू आहे.

सेवा सगळ्यात लहान, सहा वर्षांची. मला बघितल्याबरोबर तिनं आपणहून दोन्ही हात मांडीखाली घातले. लाडू घ्यायला पण काढेना.

२८ जानेवारी, बुधवार

ह्यांना सांगितलं. सगळं. जेवता जेवता ऐकत होते. हात थांबला.

"मग आता?"

"मुलाखतीत तीच गोष्ट विचारणार."

"नको सांगू मग."

"लिहून पाठवलंय. त्यासाठीच घेतलंय मला."

ताट बाजूला सारून म्हणाले, "सरिता, तू काही तिच्यावर खार खाऊन नव्हतं केलं." मला माहीत आहे. तेच तर जास्त लागतं. मी लाडानं बांधायचे. फूल करून बांधायचे.

३० जानेवारी, शुक्रवार

सरांना सांगायचा प्रयत्न केला. अर्ध्यातच हात वर केला त्यांनी.

"मॅडम, पाच वर्षांची होती ती. तिला आता काय आठवणार? आणि आठवलं तरी, अर्ज गेलाय. ती यायला तयार नसेल तर तुम्ही एकट्या सांगा. गोष्ट तीच राहू द्या."

"पण सर, तसं घडलंच नव्हतं."

"मंडपात चारशे माणूस होतं. सगळ्यांनी ऐकलं. मी ऐकलं." आवाज खाली आणून म्हणाले, "दोन वर्षांत मी रिटायर होतो. शाळेचं नाव घाण करून जायचं नाही मला. आणि तुमची नोकरी तुम्हाला नकोय का?"

पाहिजे ना! बेचाळिसाव्या वर्षी दुसरं काय येतं मला?

सर वाईट नाहीत. माझ्यासारखंच त्यांनीही एक चांगलं काम धरून ठेवलंय, आणि ते हेच आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज वाचेचा तास घेता आला नाही. आरसा लावला, सेवाला समोर बसवलं. मेणबत्ती लावली – 'प' म्हटलं की ज्योत हलते, तो खेळ. तिनं 'प' काढला. ज्योत हलली. ती हसली आणि लगेच हात मांडीखाली घातले. मी तिचे हात धरून वर काढले, तर घाबरली. वाटलं असेल, चुकलं काहीतरी.

मी बोलायला शिकवते म्हणजे नक्की काय करते? 'प' ला तिच्या डोक्यात काय अर्थ आहे, हे मी कसं विचारू? कोणत्या भाषेत?

४ फेब्रुवारी, बुधवार

दोन उत्तरं तयार केलीत. एक सरांचं, एक खरं. आरशासमोर सरांचं म्हणून बघितलं, अगदी सहज येतं. अठरा वर्षांची सवय. खरं म्हणायला गेले की तिसऱ्या वाक्याला आवाज फाटतो.

काय होईल? कुणी म्हणेल, हात बांधणारी बाई! यादीतून नाव जाईल. जूनमध्ये पद जाईल. पेपरात पण येईल का? ह्यांना डेपोत लोक विचारतील.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

झाली मुलाखत.

सरांना म्हटलं, तुम्ही समोर असलात की मी अडखळते. नाराज झाले, पण कॉम्प्युटर खोलीतून बाहेर गेले. मी आतून कडी लावली.

स्क्रीनवर चौघं. दोन पुरुष आणि मधे एक बाई – साठीची, पांढरे केस, मोठं कुंकू. तिच्या शेजारी एक तरुण मुलगी. बाई हात हलवायला लागल्या आणि ती मुलगी बोलायला लागली, तेव्हा कळलं. मधल्या बाईंना ऐकू येत नाही. निवड करणाऱ्या त्याच होत्या!

मी समोरची दोन पानं उलटी ठेवली.

पहिल्या सरांनी विचारलं, "नीताचा प्रसंग तुमच्या शब्दांत सांगता का?"

मी म्हणाले, "सर, मी जे लिहून पाठवलंय ते चुकीचं आहे." आणि सांगितलं. आरसा, रिबीन, चौदा महिने, सोड. आवाज फाटला, पण थांबले नाही. नीताचं नाव कुठं छापू नका, तिच्या आईपर्यंत हे जाऊ देऊ नका, हे पण सांगितलं. दोघं सर एकमेकांकडे बघत होते. बाईंचा चेहरा मात्र हलला नाही. त्या मुलीच्या हातांकडे बघत होत्या. माझे शब्द हातांतून कसे जात होते कुणास ठाऊक. 'रिबीन' तर मी स्वतःच ओळखलं.

मग बाईंनी विचारलं, "तुम्हाला खुणा किती येतात?"

"येत नाहीत. शिकायलाच अर्ज केलाय."

"वसतिगृहात मुलं आपापसात बोलतात. ते कळतं का?"

"थोडं."

"दाखवा."

मी पाणी दाखवलं. भूक. शी. घरी जायचंय. पोट दुखतंय. याने मारलं. खोटं बोलतोय. रविवारी कुणाचे पालक येणार. अंधाराची भीती वाटते. आवडली. कट्टी. एकामागून एक येतच गेल्या, मलाच नवल. मी थांबले तेव्हा बाई पुढं झुकल्या होत्या.

"एवढ्या कुठं शिकलात?"

"शिकले नाही, मॅडम. थांबवण्यासाठी ओळखाव्या लागायच्या."

ती मुलगी हे सांगताना क्षणभर अडखळली. मग हातांनी सांगितलं. बाईंनी डोळे मिटले, उघडले. शेवटचा प्रश्न – "मुलं तुम्हाला काय म्हणतात?"

मी मनगट धरलं. अर्थ सांगावा लागला नाही.

त्या म्हणाल्या, "माझ्या बाईंच्या हातात फूटपट्टी असायची. त्यांचं नाव फूटपट्टी होतं. त्या वारल्या तेव्हा आम्ही सगळी रडलो." मग – "तुमची दोन पानं परत लिहून पाठवा. सोमवारपर्यंत."

कडी काढली. सर दाराशीच होते. "कसं झालं?" मी म्हणाले, "बरं झालं." खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

८ फेब्रुवारी, रविवार

दोन पानं नाही झाली. नऊ ओळी झाल्या. त्यातल्या या –

'मी अठरा वर्षं मुलांना बोलायला शिकवलं. ती काय म्हणतात हे कधी विचारलं नाही, कारण विचारायची भाषा माझ्याकडे नव्हती. ती त्यांच्याकडे होती आणि मी ती बंद करत होते. मला आधी विचारायला शिकायचं आहे.'

पाठवून दिलं. ह्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "हे पगारासाठीपेक्षा बरं आहे."

१५ फेब्रुवारी, रविवार

नीताला मेसेज केला होता – शिकवशील का? आठ दिवस उत्तर नाही. आज सकाळी अचानक व्हिडिओ कॉल! अर्धा तास. तिनं मला दिवस, वार, नाती शिकवली. माझी बोटं लाकडाची. चुकले की मान जोरात हलवते, परत, परत. फार कडक आहे! कुणाकडून शिकली असेल!

यादी अजून नाही. वाट बघून जीव अर्धा झालाय.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

नाव आहे! बारांत सातवं. जूनपासून पुणे. पद राहतंय.

सरांनी पेढे आणले. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "शेवटी नीताच्या गोष्टीनंच काम केलं!" मी तोंड उघडलं आणि मिटलं. नीताला दिलेलं वचन आठवलं. शनिवारी, २८ ला, पालक मेळाव्यात माझा सत्कार ठेवलाय. आणि चंदाबाईला आमंत्रण! मी नको नको म्हणत होते. "अहो, तिचाच मान आहे," म्हणाले.

आनंद व्हायला पाहिजे. होतोय पण. मधेच त्यात खडा लागतो.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या. नीता येत नाहीये, दुकानात लग्नाच्या ऑर्डरी आहेत म्हणाली. चंदाबाई एकटी. स्टेजवर सर ती गोष्ट सांगणार, ती रडणार, लोक टाळ्या वाजवणार, आणि मी सगळं माहीत असून तिच्या शेजारी उभी राहणार. तिच्या डोळ्यांत बघता येईल का मला?

२८ फेब्रुवारी, शनिवार

सरांनी गोष्ट सांगितली. चंदाबाईनं पदरानं डोळे पुसले. टाळ्या झाल्या.

गाडीला वेळ होता म्हणून मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. तिथं कुणी नव्हतं. ती थांबली, माझ्या खांद्यावरची सत्काराची शाल नीट केली आणि म्हणाली, "मॅडम, एक सांगू का? नीताला बोलू नका. त्या साली उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरी आली ना, तवा दारात शेळी बांधलेली व्हती. ही पोरगी तिच्यापाशी गेली. शेळीला म्हणली, आई. आन् दावं सोडून दिलं तिचं."

मी फाटकाला टेकले.

"मी तिथंच समजले, ती मला हाक मारून ऱ्हायली नव्हती ते. तिला वाटतं, मी लई खुश झाले व्हते. तसंच ऱ्हाऊ द्या."

"मग तुम्ही तिला शाळेतून काढलं काहून नाही?"

"दुसरी शाळा कुठं व्हती, मॅडम?"

गाडी आली. पायरीवर चढता चढता वळून म्हणाली, "पण तवापासून मी एक केलं. ती आई म्हणली की मी तिला सोडून द्यायची. हात धरलेला असो, कडेवर असो, काई असो. लगीच."